बचनाग: एकाच मुळीत औषध आणि विष

हे निळं-जांभळं फूल बघा, वरचा भाग टोपीसारखा पुढे झुकलेला. हिमालयात, नेपाळ-सिक्कीमकडच्या थंड उतारांवर हे उगवतं. दिसायला इतकं देखणं की तोडून घ्यावंसं वाटतं, पण हा बचनाग आहे, याच्या पानाफुलांत सगळीकडे विष असतं आणि जमिनीखालच्या मुळीत तर सगळ्यात जास्त.

शिकारी लोक ही मुळी वाटून बाणाच्या टोकाला लावायचे, हिमालयात लावायचे, चीनमध्ये लावायचे, आणि उत्तर जपानमधले ऐनू तर अशा बाणांनी अस्वलं मारायचे. युरोपातही याचं भावंड आहे. 1856 मध्ये स्कॉटलंडच्या डिंगवॉल गावात सॉससाठी हॉर्सरॅडिश नावाच्या झाडाची तिखट मुळं आणायला गेलेल्या नोकराने चुकून या भावंडाची मुळी खणून आणली, सॉस बनला, पानात वाढला गेला आणि ते जेवण खाऊन दोन पाद्री दगावले.

तरीही आयुर्वेदात हाच बचनाग वत्सनाभ या नावाने शेकडो वर्षं वापरात आहे. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, मृत्युंजय रस, या सगळ्या औषधांत तो असतो. पण कच्चा नाही हं, आधी त्याचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, होतं. मुळीचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, गोमूत्रात बुडवून 3 दिवस उन्हात ठेवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, नंतर साल काढून वाळवायचं. नाहीतर तुकडे फडक्यात बांधून दुधात लोंबकळत ठेवायचे आणि उकळायचे. यात होतं काय, तर ॲकोनिटिन नावाचं मुख्य विष फुटतं आणि त्याच्यापासून कितीतरी सौम्य द्रव्यं तयार होतात. म्हणजे सगळा जीव या एका पायरीवर टांगलेला आहे, आणि ती अर्धवट झाली की समोर जे उरतं ते औषध नसतं.

शुद्ध ॲकोनिटिन 2 मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तरी माणूस जाऊ शकतो. आधी ओठ-जिभेला मुंग्या येतात, तोंड बधीर होतं, मग उलट्या, हातापायातलं बळ जातं, आणि मग हृदय. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आत सोडणारी दारं असतात, ती हे विष बंदच होऊ देत नाही, त्यामुळे ठोके वेडेवाकडे पडायला लागतात आणि काही तासांत सगळं संपू शकतं.

म्हणून कुणी ओळखीच्याने दिलेली मुळी उगाळून चाटू नका, दुखऱ्या सांध्याला लावायचं घरगुती तेलसुद्धा करू नका, कातडीतूनही हे विष अंगात जातं. वत्सनाभ असलेल्या औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे, ते वाचा. जीभ बधीर झाली तर घरी वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. याच्यावर खास असा उतारा नाही, ईसीजी लावून ठोके सांभाळत राहावं लागतं, अगदीच हाताबाहेर गेलं तर विष उतरेपर्यंत रक्त फिरवायचं काम मशीनवर टाकतात, आणि असे पेशंट वाचलेले आहेत.