जुन्या गाडीतला शॉर्ट शोधताना

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली तर उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते, आणि वर्षानुवर्षे ती सोसलेल्या तारांचे प्लॅस्टिकचे आवरण कडक होऊन तडकू लागते. उघडी पडलेली अशी तार पत्र्याला टेकली की शॉर्ट होतो, म्हणजे करंट दिव्यातून न जाता थेट पत्र्यात शिरतो आणि फ्यूज उडतो, कारण पद्मिनी असो वा मारुती ८००, बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि करंट पत्र्यातूनच परत फिरतो.

फ्यूज सारखा उडू लागला की १० अँपिअरच्या जागी २० चा बसवून, नाहीतर तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेली जाते. कृपा करून असे करू नका. मग फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तारच तापते आणि शेजारच्या तारांसह सगळे हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, जळू शकते.

त्यापेक्षा उडालेला फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो, मात्र २ अँपिअरच्या आतच करंट जाऊ देत असल्याने तारा सुरक्षित राहतात. त्या फ्यूजवरचे दिवे आधी काढून ठेवावेत, नाहीतर शॉर्ट नसतानाही बल्ब मंद पेटून फसवतो. नंतर एकेक कनेक्टर सोडवत जावे. ज्या कनेक्टरला बल्ब विझेल, त्याच्या पुढच्या तारेत दोष आहे.

शॉर्ट मधूनमधूनच होत असेल, तर एकाने बल्बकडे लक्ष ठेवावे आणि दुसऱ्याने दरवाजे, डिकी सावकाश उघडून मिटावीत. डिकीच्या बिजागरीपाशी, जिथे तार पत्र्याच्या भोकातून जाते, तिथले रबर बऱ्याचदा झिजलेले असते. नखाएवढे तांबे उघडे दिसते आणि समोरच्या रंगावर ठिणगीचा काळा ठिपका असतो.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढावे. नुसती टेप आपल्या उन्हात चिकट होऊन सरकते, म्हणून खराब तुकडा कापून तितक्याच जाडीची तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडावी, वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी आणि भोकात नवे रबर बसवावे. मग मूळ क्षमतेचाच फ्यूज घालून दिवे सुरू ठेवावेत आणि डिकी अनेकदा उघडझाप करून पाहावी.