रेघ किती काळी?

मंडळी, विषय ठरलाय तो मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलला रंग देण्याचा. रंगाकडे येतोच, पण आधी रेघांबद्दल बोलू द्या. बरीच वर्षं मनात आहे.

नाशिकमध्ये मिगची ओळख करून द्यायला नको. आपल्या ओझरच्या विमान कारखान्यातच ही विमानं बनली. माझे मामा तिथं रिव्हेटिंगला, म्हणजे रिव्हेट ठोकून पत्रे जोडायच्या कामाला होते. १/७२ मापाचं माझं पहिलं मिग मी त्यांना दाखवायला नेलं. पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, सगळ्या रेघांत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) भरलेला, तेव्हा सगळे तसंच करायचे. मामांनी चष्मा लावला, मॉडेल खिडकीशी धरलं, पोटाकडून पाहिलं, शेपटीकडून पाहिलं. म्हणाले, "हात चांगला आहे रे तुझा. पण आम्ही एवढ्या फटी सोडल्या असत्या, तर इन्स्पेक्टरनं विमान पुढं जाऊ दिलं असतं का?"

घरी येऊन हिशोब केला. किटवरची रेघ पाव मिलिमीटर धरली, तरी गुणिले ७२ म्हणजे १८ मिलिमीटर! खऱ्या पत्र्यात माझं बोट गेलं असतं.

पुढं एका स्पर्धेत मी रेघा फिक्या ठेवल्या, ॲल्युमिनियमहून जेमतेम एक छटा गडद. "रेघा उठून दिसत नाहीत" म्हणून गुण कापले. ते मला अजून लागतं. अहो, हवेला अडथळा नको म्हणून खऱ्या विमानात रिव्हेटची डोकीसुद्धा पत्र्याशी सपाट बसवतात! त्या माणसांची सगळी मेहनत आपण एका काळ्या वॉशनं पुसून टाकतो.

आणि हो, विसरायच्या आत सांगतो. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात, टोकदार शंकूच्या मागं, गळाला लावतात ती शिशाची वजनं भरा. नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं.

पाचच मिनिटं उरलीत म्हणे. तर रंग. सुटे भाग साबणाच्या पाण्यानं धुवा. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मारला की सांध्यातली प्रत्येक चूक दिसते, तिथं पुन्हा घासा. चंदेरी मिगला आधी चकचकीत काळा, तो पूर्ण वाळल्यावर एअरब्रशनं ॲल्युमिनियमचे पातळ हात. शेपटीकडचा, इंजिनाच्या तोंडाजवळचा पत्रा थोडा करपलेला दाखवा. १९७१ च्या युद्धात चंदेरी मिगवर कॅमोफ्लाज चढलं. ते करणार असाल, तर बाटलीतला हिरवा तसाच मारू नका, थोडा फिका राखाडी मिसळा. १/७२ चं मॉडेल एका फुटावरून बघणं म्हणजे खरं विमान ७२ फुटांवरून बघणं. तेवढ्या लांबून रंग जरा फिका दिसतो, असं आम्ही मॉडेलवाले मानतो. रेघांचंही तेच, तेवढ्या लांबून फट काळी दिसतच नाही. डेकल, म्हणजे चिन्हांचे पातळ स्टिकर, लावण्याआधी ग्लॉसचा (चकचकीत वार्निशचा) हात हवाच, खरखरीत रंगावर त्याखाली हवा अडकते आणि पांढुरकी झाक येते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिगला निरोप दिला, त्या रात्री सुरू केलेलं मॉडेल इथं टेबलावर आहे. हातभर अंतरावरून बघा. उचलायचंच झालं तर नाकाची नळी सांभाळा, ती सुईची केलीय.