खालिदा झिया: एकच खटला, तीन निकाल

ढाक्यातल्या नाझिमुद्दीन रोडवरच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगातले सगळे कैदी २०१६ मध्ये केरानीगंजला हलवले गेले. त्या ओसाड तुरुंगात ८ फेब्रुवारी २०१८ रोजी एका कैद्याला आणलं. सत्तरी ओलांडलेल्या, बांगलादेशच्या माजी पंतप्रधान बेगम खालिदा झिया. तिथे त्यांच्याखेरीज दुसरा कैदी नव्हता.

खटला होता झिया अनाथालय ट्रस्टचा. अनाथ मुलांसाठी परदेशातून आलेल्या पैशांपैकी सुमारे २ कोटी १० लाख टका हडप केल्याचा आरोप. खालच्या न्यायालयाने पाच वर्षं दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने ती दहा केली, आणि डिसेंबरची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या प्रतिस्पर्धी, पंतप्रधान शेख हसीनांची सत्ता गेली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने खालिदा मुक्त झाल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना याच खटल्यात निर्दोष ठरवलं.

पाच वर्षं, दहा वर्षं, निर्दोष. आरोप तोच, कागदपत्रं तीच. त्या दोषी होत्या की नव्हत्या, यावर मी आज बोलणार नाही. मला अस्वस्थ करतं ते हे की, निकाल काय लागणार हे ढाक्यातला सामान्य माणूस सरकार कोणाचं आहे ते पाहून सांगू शकत होता. हा खटला दाखल झाला २००८ मध्ये, लष्कराच्या पाठिंब्यावरच्या काळजीवाहू सरकारच्या काळात. तेव्हा हसीनांवरही खटले होते. २००९ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या आणि त्यांचे खटले एकेक करून निकालात निघाले. खालिदांचे चालू राहिले.

पण इथे खालिदांनाही प्रश्न विचारावाच लागेल. १९८१ मध्ये पती झियाउर रहमान यांची हत्या झाल्यावर राजकारणात आलेली ही गृहिणी लष्करशहा इर्शादच्या हुकूमशाहीविरुद्ध नऊ वर्षं ठामपणे उभी राहिली. १९९१ मध्ये पंतप्रधान झाल्यावर त्यांच्याच काळात संसदीय पद्धत परत आली. हे मोठंच काम, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९६ मध्ये त्यांच्याच सरकारने, विरोधकांच्या दबावाखाली का होईना, निवडणुकीसाठी काळजीवाहू सरकारची तरतूद घटनेत केली. प्रमुख कोण? तर नुकतेच निवृत्त झालेले सरन्यायाधीश. आणि २००४ मध्ये त्यांच्याच सरकारने न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६५ वरून ६७ केलं. त्यामुळे पुढच्या निवडणुकीच्या वेळी काळजीवाहू सरकारचं प्रमुखपद माजी सरन्यायाधीश के. एम. हसन यांच्याकडे जाणार होतं. त्यांचा खालिदांच्या बीएनपी पक्षाशी जुना संबंध, म्हणून हसीनांच्या अवामी लीगने रान उठवलं. रस्त्यावर माणसं मेली, हसन यांनी नकार दिला, आणि जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी लागली. त्याच राजवटीत खालिदांना अटक झाली.

सरन्यायाधीशाची खुर्ची निवडणुकीच्या हिशेबात ओढल्यावर न्यायालय कोणाचंच राहत नाही. हसीनांनी तेच पुढे नेलं, जास्त निर्दयपणे. आजारी खालिदांना उपचारासाठी परदेशी जाण्याची परवानगी वर्षानुवर्षं नाकारली गेली. ही माझ्या मते निव्वळ क्रूरता होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यातल्या न्यायाधिकरणाने हसीनांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. हसीनांची सत्ता घालवणाऱ्या २०२४ च्या आंदोलनात ज्यांची मुलं गोळ्यांनी मेली, त्या आईबापांना न्याय हवाच आहे. आणि तो असा हवा, की सरकार बदललं म्हणून उद्या पुसला जाणार नाही.