पाच मॅच हरल्या म्हणून कोच बदलायचा का?

(मेलबर्नमधल्या मराठी मंडळींसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या भरपूर आहेत आणि चहा कुठे पळून जात नाही. मला अर्धा तास दिलाय. विषय तुम्ही वाचलाच असेल, कोवळा संघ पुढे काही करणार की नाही हे ओळखायच्या तीन खुणा, आणि त्यात कोचचा भाग किती. तिन्ही सांगते, पण आधी हे डोक्यात कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर खुणांना काही अर्थ राहत नाही.

इथे बसलेल्या बहुतेकांना फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, माहीत आहे, अठरा जण एका बाजूला, बॉल लाथेने मोठ्या खांबांमधून गेला तर सहा पॉइंट, मोठ्या आणि बाजूच्या छोट्या खांबामधून गेला तर एक. नवीन आलेल्यांनी शेजारच्याला विचारा, शेजारचा आनंदाने सांगेल, फार वेळ सांगेल. एवढंच लक्षात ठेवा की हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढलाय. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले खेळाडू सुस्तावतात, तर फुटबॉलचा क्लब काढू या, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. म्हणून मी आपल्या लोकांना नेहमी म्हणते, हा खेळ आपला नाही असं म्हणू नका, क्रिकेटच्या घरातलंच धाकटं भावंड आहे ते.

तर, मी हॉथॉर्न क्लबची. स्कार्फ बघून कळलंच असेल. चॉकलेटी आणि पिवळा, लोक म्हणतात रंग चांगले नाहीत, मला फार आवडतात. २००९ मध्ये आम्ही बॉक्स हिलजवळ राहायला आलो, आणि पुढे २०१३, २०१४, २०१५ अशा लागोपाठ तीन प्रीमियरशिप, म्हणजे वर्षाची विजेतेपदं, बघितल्या. तेव्हा मला वाटायचं की दर सप्टेंबरला असंच असतं. कोच अ‍ॅलस्टर क्लार्कसन, २००८ ची धरून चार प्रीमियरशिप. आणि २०२१ च्या जुलैमध्ये क्लबने जाहीर केलं की पुढचा कोच सॅम मिचेल, क्लार्कसन अजून एक वर्ष थांबून सूत्रं देतील. महिना संपायच्या आत तेही बदललं, क्लार्कसन त्याच सीझनच्या शेवटी गेले. घरात वडीलधारं माणूस अचानक घर सोडून गेल्यावर कसं होतं, तसं आम्हाला झालं. मिचेल आमचाच, २००८ चा कॅप्टन, पण माणूस खेळला चांगला म्हणजे शिकवेल चांगला असं थोडंच असतं.

आणि मग २०२२ च्या शेवटी मुरलेले खेळाडू गेले, टॉम मिचेल कॉलिंगवुडला, जेगर ओमीरा फ्रीमँटलला, जॅक गन्स्टन ब्रिस्बेनला, बेन मॅकएव्हॉय रिटायर. उरली पोरं. २०२३ ला सात मॅच जिंकलो, सोळा हरलो, अठरा संघांत सोळावे. ठीक आहे, पोरं आहेत. पण २०२४ सुरू झालं आणि एसेंडनकडून हरलो, मेलबर्नकडून पंचावन्न पॉइंटनी हरलो, जिलाँगकडून, कॉलिंगवुडकडून पाच पॉइंटनी, गोल्ड कोस्टकडून त्रेपन्नने. पाच मॅच, पाच हार.

त्या एप्रिलमध्ये आमच्या मित्रमंडळींत जे भांडण झालं ते काहींना आठवत असेल, कारण ते इथे बसलेत. नावं घेत नाही. एक जण म्हणाले मिचेलला आत्ता काढा, एक म्हणाले क्लार्कसनना परत बोलवा, एका ताईंनी तर ड्राफ्टचे, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीचे, नंबर पाठ म्हणून दाखवले की हा सातवा घेतला, हा पाचवा घेतला आणि बघा काय खेळतायत, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मी म्हटलं, ताई, पाळण्यात जय न्यूकम कुठे दिसला होता? नॅशनल ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नव्हता त्याला. २०२१ च्या सीझनमधल्या ड्राफ्टमध्ये घेतला, आमच्या बॉक्स हिलच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या, संघातून, आणि त्या वर्षी बॉक्स हिलचा कोच कोण, तर सॅम मिचेलच. पहिल्याच मॅचला पोराने चौदा टॅकल केले, पदार्पणात एवढे कोणीच केले नव्हते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट ईस्टर मंडेची. १ एप्रिल २०२४, एमसीजी, जिलाँगविरुद्ध. मी आणि माझा मुलगा. तो तेव्हा अकरा वर्षांचा. मॅच मधेच विजांमुळे थांबवली, खेळाडू आत, लोकांना सांगितलं छपराखाली जा, आणि आम्ही सगळे मागच्या गल्लीत दाटीवाटीने उभे. शेजारी एक आजी, हातात थर्मास, गळ्यात हाताने विणलेला स्कार्फ, ज्याचा पिवळा रंग धुऊन धुऊन पार लोण्यासारखा झालेला. लोक निघून जायला लागले होते, दोन मॅच हरलो, तिसरी चाललीये, वर पाऊस, कोण थांबणार. आजींनी माझ्या मुलाला विचारलं, तू खेळतोस का? तो गप्प. मग मीच सांगितलं, आणि काय सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण ते मनातून अजून गेलेलं नाही.

आदल्या वर्षी तो एका क्लबमध्ये खेळायचा, नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. वर्गात सगळ्यात बुटका. आवड एवढी की बॉल घेऊन झोपायचा. तिथले कोच प्रेमळ होते, वाईट माणूस नाही, पण त्यांचा एक नियम होता की चूक केली की बाहेर. हातून मार्क, म्हणजे झेल, सुटला, बाहेर. चुकीच्या माणसाला बॉल दिला, बाहेर. आणि बाहेर आला की कोणी सांगायचं नाही काय चुकलं, नुसतं बस. तीन-चार आठवड्यांत काय झालं माहितीये, पोराने बॉल मागणंच सोडलं. म्हणजे मैदानात असायचा, पळायचा, पण बॉल जिथे येईल तिथून दोन पावलं लांब उभा राहायचा. बॉलच आला नाही तर चूक कशी होणार? मी बाउंड्रीवर उभी राहून हे बघायचे आणि मला रडू यायचं, कारण माझ्या शेजारचे सगळे पालक म्हणायचे, किती सुधारला हो, आता चुका करत नाही! सीझनच्या शेवटी मला म्हणाला, आई, पुढच्या वर्षी नको. मी त्या क्लबला फोन केला, नीट बोलले, तर तिथून उत्तर आलं की उंची कमी आहे ना, या खेळात असं होतंच. उंची! मंडळी, हॉथॉर्नचा निक वॉटसन एकशे सत्तर सेंटिमीटरचा आहे आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा घेतलाय त्याला. पण तो फोन चालू असताना मला हे सुचलं नाही, मी नुसतं बरं म्हणून ठेवला, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

हे सगळं मी त्या गल्लीत त्या आजींना सांगितलं, विजा चमकतायत आणि मी बोलतेय. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून मुलाला दिला. म्हणाल्या, आता मॅच परत सुरू झाली की स्कोर बघू नकोस. एवढंच बघ, आपल्या एखाद्या पोराच्या हातून बॉल सुटला की पुढच्या वेळी तो बॉलकडे पळतो की बॉलपासून लांब.

मॅच सुरू झाली. आम्ही छत्तीस पॉइंटनी हरलो. पण माझा मुलगा पूर्ण वेळ मोजत बसला होता, आणि परत येताना ट्रेनमध्ये म्हणाला, आई, सगळे बॉलकडेच पळत होते.

म्हणून पाच हारल्यावर जेव्हा भांडण पेटलं तेव्हा मी एकटी म्हणत होते, थांबा. मला काही भविष्य दिसत नव्हतं, मी फक्त ते बघितलं होतं. सहाव्या मॅचला नॉर्थ मेलबर्नला हरवलं. सातव्या मॅचला सिडनीने शहात्तर पॉइंटनी धुतलं, आणि मला परत फोन आले. दहाव्या राउंडला अ‍ॅडलेडमध्ये पोर्ट अ‍ॅडलेडविरुद्ध एकेचाळीस पॉइंटनी पुढे असताना एका पॉइंटने हरलो, त्या रात्री मीही झोपले नाही, खरं सांगते. पण तेवीस मॅचच्या शेवटी चौदा जिंकून सातवे. फायनल्समध्ये, म्हणजे पहिल्या आठांच्या बाद फेऱ्यांत. ६ सप्टेंबरच्या शुक्रवारी बुलडॉग्जविरुद्ध एमसीजीवर सत्त्याण्णव हजार आठशे अठ्ठावीस लोक, आणि सदतीस पॉइंटनी जिंकलो. पुढच्या शुक्रवारी परत पोर्ट, परत अ‍ॅडलेड, तीन पॉइंटनी गेलं. मॅच संपल्यावर पोर्टचे कोच केन हिंकली आमच्या पोरांना मैदानात जाऊन टोमणे मारून आले, कारण आमचा जॅक गिनिव्हन सिडनीच्या खेळाडूच्या पोस्टखाली चौदा दिवसांनी भेटू असं, म्हणजे पोर्टला हरवणारच असं धरून, आधीच लिहून बसला होता. हिंकलींना वीस हजार डॉलरचा दंड झाला. यावर आपल्यात दोन पक्ष आहेत, मी गिनिव्हनच्या पक्षात. एकविशीचं पोर भीत नाही याचा मला आनंद आहे.

किती? दहा मिनिटं? बरं. मग १९९६ चं सोडते, मेलबर्न क्लबमध्ये आम्हाला विलीन करणार होते आणि सभासदांनी मतं देऊन ते पाडलं, डॉन स्कॉटनी भर सभेत त्या नव्या जर्सीवरचं हॉथॉर्नचं चिन्ह ओढून काढलं, ते परत कधीतरी. फक्त एवढंच की चाहत्यांनी भांडायलाच हवं, भांडले नसते तर आज हा क्लब नसता. मुद्दा, कशावरून भांडायचं.

आता नॉर्थ मेलबर्नवाले नाराज होऊ नका, पण तुमचं उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मला तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे पोरं आमच्याएवढीच चांगली आहेत, काही जास्तच चांगली. पण २०२० च्या शेवटी एका झटक्यात अकरा खेळाडू काढले. ऱ्हाइस शॉ गेले, मग डेव्हिड नोबल आले, २०२२ च्या मध्यात तेही गेले, मधे ली अ‍ॅडम्सनी सांभाळलं, २०२३ पासून क्लार्कसन. म्हणजे २०२० ला आलेल्या पोराने चार सीझनमध्ये चार जणांकडून चार वेळा नव्याने शिकायचं. आणि शिकताना मैदानावर शेजारी मोठं कोणी नाही. चार प्रीमियरशिपवाला कोच आणला तरी २०२३ ला तीन जिंकले, २०२४ ला तीन. त्या २०२४ च्या शेवटच्या राउंडला लाँसेस्टनमध्ये मिचेलच्या पोरांनी क्लार्कसनच्या पोरांना एकशे चोवीस पॉइंटनी हरवलं. मला तो दिवस गोड लागला नाही. क्लार्कसन विसरले का शिकवायला? अजिबात नाही. घर रिकामं करून मग मास्तर आणला.

तर खुणा, भराभर.

पहिली झालीच, चुकीनंतर पोरगा बॉलकडे पळतो का. यात कोच दिसतो, स्कोरबोर्डवर दिसत नाही.

दुसरी, पोरांच्या बाजूला कोण उभं आहे. आमच्याकडे २०२४ ला जेम्स सिसिली कॅप्टन होता. गन्स्टन ब्रिस्बेनला एक वर्ष राहून परत आला आणि २०२५ मध्ये तेहतिसाव्या वर्षी ऑल ऑस्ट्रेलियन संघात. २०२४ संपल्यावर टॉम बॅरस आणि जॉश बॅटल आणले, दोघंही बचावातले, दोघंही मुरलेले. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावायला नको, पोर पडलं तर उचलायला घरात काका असावा लागतो. क्लबने कोणाला विकत घेतलं यावर भांडताना गोल किती करतो हे विचारा, पण तो कोणाच्या शेजारी उभा राहणार आहे हेही विचारा. झॅक मेरेटचं तेच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एसेंडनचा कॅप्टन आमच्याकडे यायला तयार होता, सौदा झाला नाही, आणि आपल्यातले निम्मे क्लबवर चिडलेत. तो यावा असं मलाही फार वाटत होतं. पण मागतील ते देऊन टाकायचं, याला माझा विरोध आहे.

तिसरी, आणि हिच्यासाठी खरं तर मला पंधरा मिनिटं हवी होती. संघ हरत असताना पद्धत बदलतो का. पाच हारल्यावर दहा जणांना मागे लावून हारीचा आकडा छोटा करता आला असता, कोचची नोकरी वाचवायला बरेच जण तेच करतात. आम्ही सिडनीकडून शहात्तरने हरलो तेव्हाही बॉल मधून, वेगाने, हाताने हाताने पुढे नेत होतो. चाहत्याने दर आठवड्याला लॅडर, म्हणजे गुणतक्ता, बघून मत बदललं की क्लबही दर आठवड्याला बघायला लागतो, म्हणून ही खूण कोचची जेवढी, तेवढीच आपली.

घंटा वाजवू नका, झालंच. पुढे काय, असं सगळे विचारतात. २०२५ ला पंधरा जिंकून आठवे, मग सिडनीत जाऊन जायंट्सना हरवलं, अ‍ॅडलेडमध्ये जाऊन अ‍ॅडलेडला हरवलं, प्रीलिमिनरीत, म्हणजे शेवटच्या फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये, जिलाँगकडून तीस पॉइंटनी हरलो. विल डे पायाच्या दुखापतीमुळे बहुतेक सीझन बाहेर होता. माझं मत, २०२६ ला पहिल्या चारात. आणि नाही आले, समजा परत पाच हारल्या, तरी एप्रिलमध्ये मला फोन करताना आधी मॅच परत एकदा बघा, स्कोरवर हात ठेवून.

माझा मुलगा आता दुसऱ्या क्लबात खेळतो. अजून बुटकाच आहे. तो मागे बसलाय, हात वर करतोय, म्हणजे माझं काहीतरी चुकलं असणार, पण पहिला प्रश्न नॉर्थवाल्यांचा, मी त्यांना शब्द दिलाय.