मेंढीचा गुडघा कुठे असतो?

नमस्कार श्रोतेहो. मेंढीच्या पुढच्या पायाच्या मध्यावर जो सांधा दिसतो, त्याला आपण सर्रास गुडघा म्हणतो. ते खरं तर तिचं मनगट. मागच्या पायात उलटा वाकलेला दिसतो तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, लोकरीत दडलेला असतो. हे आधीच सांगतो, कारण आज बोलायचं आहे ते निरोगी मेंढीचे सांधे मोजण्याबद्दल.

सांधा पूर्ण मिटला की किती अंशांचा कोन होतो आणि पूर्ण उघडला की किती, एवढंच मोजायचं. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे सांध्याच्या हालचालीचा आवाका. साधन गोनिओमीटर: शाळेतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात, तसं. खीळ सांध्याच्या मध्यावर, एक पट्टी वरच्या हाडाच्या रेषेत, दुसरी खालच्या.

निरोगी जनावराला हा त्रास कशाला? कोकराच्या नाळेतून जंतू शिरले की सांधे सुजतात आणि मिटेनासे होतात. दुसऱ्या पायाशी ताडून पाहावं, तर बऱ्याचदा तोही सुजलेला. मग ‘एवढं मिटायला हवं होतं’ हे ठरवायचं कशावरून? शिवाय माणसाच्या गुडघ्यातली कूर्चा आणि अस्थिबंध यांवरच्या शस्त्रक्रिया आधी मेंढीवर करून पाहतात, कारण तिच्या गुडघ्याची रचना आपल्याशी बरीच मिळतीजुळती आहे. शस्त्रक्रियेनंतर हालचाल किती परतली, हे सांगायला मूळ आकडा लागतोच.

गुडघा मोजताना मी पट्टी नंतर उचलतो. आधी बोटं लोकरीत घालायची. खुब्याच्या बाहेरचा हाडाचा उंचवटा सापडला की तिथे खडूची खूण. मग मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा, मग घोट्याच्या बाहेरचा. तीन खुणा झाल्या की रेषा दिसू लागतात. लोकर दाट असेल तर पट्टी तिच्यावर तरंगते आणि खूणही कातडीबरोबर सरकते. म्हणून नुकत्याच कातरलेल्या मेंढीवर हे काम सोपं जातं.

घोट्याचा आकडा नवशिक्याला हमखास फसवतो. पिंढरीचा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून टाचेला चिकटतो. गुडघा सरळ ठेवलात तर तो ताणला जातो आणि घोटा पुरता मिटत नाही. तेव्हा घोटा मोजताना गुडघा कसा ठेवला होता, हे आकड्याशेजारी लिहायलाच हवं. खांद्याची गोष्ट आणखी वेगळी. मेंढीला गळ्याजवळचं आडवं हाड नसतं, खांद्याचं पातं नुसतं स्नायूंनी धडाला टांगलेलं. पाय ओढला की तेही सरकतं, म्हणून एका हाताने ते दाबून धरावं लागतं.

शिकत असताना माझी एक खोड होती. पहिला आकडा नजरेस पडला की दुसरा आणि तिसरा आपसूक त्याच्या जवळ यायचे! त्यावर उपाय म्हणजे पाय एकाने धरायचा, पट्टीवरचा आकडा दुसऱ्याने वाचायचा. पाय धरणाऱ्याला तो कळूच द्यायचा नाही. तीनदा मोजून सरासरी घ्यायची.

2002 साली 16 लॅब्रॅडोर कुत्र्यांवर असं काम झालं. जागेपणी, गुंगीत आणि क्ष-किरण चित्रावर घेतलेले आकडे चांगले जुळले. पद्धत त्यातून घ्यावी, आकडे मात्र मेंढीला लावू नयेत. गुंगीचंही तसंच. गुंगीसाठी सर्रास वापरलं जाणारं झायलाझिन मेंढीला फार लवकर बाधतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. आणि औषधाशिवाय आडवी ठेवली तरी वेळेचं भान हवंच, कारण आडव्या मेंढीच्या पोटातला वायू बाहेर पडत नाही आणि पोट फुगतं. मी तर एका बैठकीत एकच बाजू मोजतो, शेजारी तिच्या कळपातली दुसरी मेंढी उभी ठेवतो. एकटी पडली की ती पाय आखडून धरते, आणि मग आपण सांधा नव्हे, तिची भीती मोजत बसतो.