बंदा रुपया आणि राजाच्या अंगावरचा हत्ती

नमस्कार श्रोतेहो. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मांडायचा बंदा रुपया, म्हणजे इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया, सांगली-साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत आहे. त्याची कंडिशन कशी पारखायची, ते आज बघू.

दिवा एकच, तोही बाजूने उजेड देणारा. नाणं कडेला धरायचं, त्याच्या सपाट बाजूंवर बोट टेकवायचं नाही. दहापटीचं भिंग पुरे. आता नाणं हळूहळू कलतं करा. व्यवहारात न फिरलेल्या नाण्यावर उजेडाची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरते. घासून लखलखीत केलेल्यावर ती फिरत नाही; सगळीकडे एकसारखा मेलेला पांढरेपणा, आणि भिंगाखाली बारीक ओरखडे. म्हणून चिंच, राख, पितांबरी तांब्या-पितळेला ठेवा, नाण्याला नको. पुन्हा सांगते, नाण्याला नको! गेलेली चमक परत येत नाही आणि किंमतही.

झीज नेहमी उंच भागावर आधी येते. पंचम जॉर्जच्या रुपयावर ती जागा म्हणजे राजाच्या झग्यावरचा चिमुकला हत्ती. त्या हत्तीची गंमत ऐका. 1911 साल, दिल्ली दरबाराचं. नव्या राजाचे नवे रुपये आले आणि बघतात तर काय, हत्तीची सोंड इतकी आखूड, की लोकांना छातीवर डुक्करच दिसायला लागलं! डुक्कर मुसलमानांना निषिद्ध. चांगलीच ओरड झाली. सरकारने ते रुपये थांबवले, बरेचसे वितळवले, आणि 1912 पासून हत्तीला नीट लांब सोंड दिली. शिल्पकाराने एक सोंड आखडती घेतली आणि टांकसाळीला साचा बदलावा लागला. तो रुपया आजही ‘डुक्कर छाप’ म्हणूनच विकला जातो.

फसगत होते ती इथेच. 1912 नंतरच्या रुपयावरची सोंड झिजली, की तो हत्तीही डुकरासारखाच दिसतो, आणि कुणीतरी तो डुक्कर छाप म्हणून गळ्यात मारतो. तेव्हा हत्तीकडे मागाहून बघा, साल आधी वाचा. 1911 असेल तरच डुक्कर छाप. साल आधी, हत्ती मागाहून.

प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय त्याचा दर्जा, ठरवायलाही हाच हत्ती कामाला येतो; या दर्जांना इंग्रजी नावं आहेत. ढोबळ मानाने, सोंडेसकट स्वच्छ दिसला तर एक्स्ट्रीमली फाइन. आकार कळतो पण बारकावे गेलेत, तर व्हेरी फाइन. नुसता उंचवटा उरला, तर फाइन किंवा त्याच्याही खाली. कधी ठसाच हलका पडलेला असतो. तिथे नक्षी अस्पष्ट असली तरी चमक शाबूत असते. झिजलेल्या जागी चमक जाते आणि रंग बदलतो.

जाता जाता, जुन्या रुपयाला हजारो मोजणारी माणसं एसटीत दहाचं नाणं दिलं की तोंड वाकडं करतात, हे मला कधी कळलेलं नाही. असो.

वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे तोळाभर. फार कमी भरलं तर शंका घ्या. पण वजन बरोबर भरलं तरी मुकुटाच्या वरची कड तपासा. रुपयांच्या माळेसाठी तिथे कडी झाळलेली असते. ती काढली, घासली, तरी कडेच्या उभ्या रेघा तेवढ्या जागी बुजलेल्या राहतात. नख फिरवलं तरी कळतं.