उसाच्या डोळ्यातली नक्कल

[दृश्य: करवीर तालुका. सरीत मांडलेलं उसाचं बेणं.]

इथं उसाची लागण करताना बी पेरत नाहीत, कांडी सरीत दाबतात. ८६०३२ या जातीच्या उसाचं अख्खं रान म्हणजे एकाच उसाच्या नकला.

डोळा फुटला की कोंबाच्या टोकाशी पेशी विभागू लागतात. विभागण्याआधी प्रत्येक पेशीला सगळा डीएनए उतरवून काढावा लागतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. उसाच्या पेशीत शंभराहून जास्त!

[ॲनिमेशन: डीएनएची दुहेरी साखळी.]

सुरुवात करतं हेलिकेज नावाचं एन्झाइम. दोन्ही धाग्यांमधले बंध तोडत ते पुढं सरकतं. पण पीळ भरलेला दोर मध्येच उकलत गेलं, तर पुढचा पीळ आवळत जातो. तसंच इथं होतं. तेव्हा टोपोआयसोमरेज धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा परत जोडतं. जिवाणूंमध्ये हे काम गायरेजचं. मेडिकलमध्ये मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिन ही जिवाणूंवरची गोळी त्यालाच अडवते.

सगळं नाव होतं ते नवा धागा जोडत नेणाऱ्या डीएनए पॉलिमरेजचं. आर्थर कोर्नबर्ग यांना ते १९५६ मध्ये ई. कोलाय जिवाणूत सापडलं. १९५९ मध्ये नोबेल मिळालं. याच जिवाणूतलं ‘पॉलिमरेज-थ्री’ दर सेकंदाला डीएनएची सुमारे १००० अक्षरं, म्हणजे धाग्याचे सुटे घटक, जोडतं. पण गडी भलताच अडेलतट्टू! कोऱ्या धाग्यावर पहिलं अक्षर त्याला टाकताच येत नाही. आधी प्रायमेजनं आरएनएचा छोटा तुकडा बसवून द्यायचा, मग हा कामाला लागणार. शिवाय नवा धागा वाढवणार तो एकाच दिशेनं, पाच-प्राइम म्हणतात त्या टोकाकडून तीन-प्राइम टोकाकडं. मूळ धागे मात्र एकमेकांच्या उलट दिशांना. म्हणून एकाची नक्कल सलग होते, दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दांपत्यानं १९६०च्या दशकात हे तुकडे शोधले. त्यांतला आरएनए काढून तिथं डीएनए भरला जातो आणि लायगेज सांधे जुळवतं.

एकाच दिशेचा हा हट्ट कशापायी?

चुकीचं अक्षर बसलं, की पॉलिमरेज ते छाटून टाकतं. जोडणीला लागणारी ऊर्जा प्रत्येक नवं अक्षर स्वतःसोबत आणतं, त्यामुळं छाटणीनंतरही काम चालू राहतं. धागा उलट दिशेनं वाढत असता, तर ती ऊर्जा धाग्याच्या टोकाला असती. चुकीच्या अक्षराबरोबर तीही छाटली गेली असती आणि नक्कल तिथंच अडली असती.